गट नंबर नसलेल्यांची हरकत: शहराच्या डीपीत घरांची गरज कशी शोधायची आणि कशी मांडायची

नगरपरिषदेच्या सभागृहात प्रारूप विकास योजनेचा, म्हणजे डीपीच्या मसुद्याचा, नकाशा भिंतीवर लागला की गर्दी होते. जो तो खिशातून सातबाऱ्याची घडी काढतो, नकाशावर आपला गट नंबर शोधतो, त्यावर आरक्षण पडलेलं नाही, म्हणजे ती जमीन सार्वजनिक कामासाठी राखलेली नाही, हे पाहतो आणि सुटकेचा निःश्वास टाकून चहाला जातो. मी पहिल्यांदा असा नकाशा पाहायला गेलो तेव्हा टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, "गट नंबर?" मी म्हटलं, माझा कुठलाच गट नाही, भाड्याने राहतो. तो म्हणाला, "मग कशाला बघताय?"

पुढच्या वीस वर्षांत शहरात कोण कुठे राहणार, हे त्या नकाशावर ठरत असतं. जमीन असलेले आपापल्या जमिनीपुरती हरकत घेतातच. भाडेकरू, झोपडपट्टीतलं कुटुंब, दोन खोल्यांत सहा जण राहणारे, उद्या कामासाठी येणारे, यांच्या घरांचं काय ते मात्र कुणीच विचारत नाही. या आधी कधी डीपी उघडलाच नाही, पण हा प्रश्न विचारायचा आहे, अशांसाठी हा लेख आहे. मुंबईची नियमावली वेगळी आहे. इथे मी मुख्यतः इतर शहरांबद्दल बोलतोय.

आधी खेळ कुठल्या डावात आहे ते पाहा

सगळं चालतं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे. लोक त्याला एमआरटीपी म्हणतात. महापालिका किंवा नगरपरिषद हे नियोजन प्राधिकरण असतं. लहान शहरांत प्रत्यक्ष काम बहुधा नगररचना विभागाचा विकास योजना विशेष घटक करतो, म्हणून माहिती मुख्याधिकाऱ्यांकडे नाही मिळाली तर तिथे विचारावं.

सहा कलमं लक्षात ठेवली तरी पुष्कळ. कलम २३ मध्ये योजना करण्याचा इरादा जाहीर होतो. कलम २५ प्रमाणे आजचा जमीन वापर नकाशावर उतरवतात. कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम २८ मध्ये नियोजन समिती सुनावणी घेते. कलम ३१ ला शासन मंजुरी देतं. मंजूर योजना साधारण वीस वर्षांनी सुधारायची, हे कलम ३८ सांगतं. प्रत्यक्षात हा प्रवास किती लांबतो याचं उदाहरण पुण्याचं आहे. जुन्या हद्दीची योजना २०१५ मध्ये राज्य शासनाने आपल्या हातात घेतली आणि ती मंजूर व्हायला २०१७ उजाडलं.

नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते. मुदत सहसा तीस दिवसांची, पण ऐकीव माहितीवर राहू नका. नोटिशीतली तारीख स्वतः वाचा. तीस दिवस ऐकायला बरे वाटतात. त्यातले पहिले दहा नोटीस आली हेच कळण्यात जातात. म्हणून शहाणा माणूस कलम २३ ची घोषणा झाली की लगेच कामाला लागतो.

आणि कारकुनाच्या त्या प्रश्नाचं उत्तरही कायद्यातच आहे. हरकत कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. जमीनमालक असण्याची अट नाही.

नकाशाच्या आधी अहवाल मिळवा

बहुतेक जण फक्त रंगीत नकाशा पाहतात. प्रारूप योजनेसोबत आणखी बरंच असतं: विद्यमान जमीन वापराचा नकाशा, प्रस्तावित जमीन वापराचा नकाशा, योजनेचा अहवाल, अंमलबजावणीचे टप्पे आणि भूसंपादनाच्या खर्चाचा अंदाज. या प्रती वाजवी किमतीत विकत मिळाल्या पाहिजेत, अशी कायद्यात तरतूद आहे. "नकाशा लावलाय की" असं उत्तर मिळालं तर अहवालाची प्रत लेखी मागा.

अहवालात लोकसंख्येच्या अंदाजाचं प्रकरण असतं. अंकगणितीय, भूमितीय अशा दोन-तीन पद्धतींनी आकडे काढून त्यांतून एक पसंत केलेला असतो. पाया बहुधा २०११ च्या जनगणनेचा. २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची २०२७ ची आहे, त्यामुळे सध्याच्या बऱ्याच योजना जुन्या पायावर उभ्या आहेत. तेव्हा पाणीपट्टीच्या जोडण्या, वीजमीटर, मालमत्ता कराच्या नोंदी, शाळांचा पट यांवरून आकडा ताडून पाहा. फुगवलेला अंदाज निरुपद्रवी नसतो. जास्त लोकसंख्या दाखवली की शेतजमीन रहिवास पट्ट्यात घालायला कारण मिळतं. जमिनीचा भाव वाढतो, घर मात्र एकही वाढत नाही.

गरज मोजा, आणि ती डोक्यांत नाही, कुटुंबांत मोजा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण बहुतेक अहवालांत इथेच दोन ओळी असतात.

समजा तुमच्या शहराची आजची लोकसंख्या एक लाख आहे आणि वीस वर्षांनी दीड लाख होईल असं अहवाल म्हणतो. आज कुटुंबात सरासरी साडेचार माणसं धरली तर २२,२०० च्या आसपास कुटुंबं होतात. कुटुंबाचा आकार तोच राहिला तर वीस वर्षांनी ३३,३०० होतील, म्हणजे ११,१०० नवी घरं. पण कुटुंबं लहान होतायत हे आपण घरोघरी पाहतोच. तेव्हा सरासरी चार धरली तर ३७,५०० कुटुंबं होतात आणि नवी गरज १५,३०० वर जाते. एकही माणूस न वाढवता चार हजारांहून अधिक घरांचा फरक पडला. अहवालात कुटुंबाचा आकार किती धरलाय, हे म्हणूनच पहिलं विचारायचं.

यात आजचा अनुशेष अजून आलेला नाही. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ साठी देशातल्या शहरांत १.८८ कोटी घरांची तूट काढली होती. त्यात उघड्यावर राहणारे जेमतेम तीन टक्के होते. सुमारे ऐंशी टक्के तूट दाटीची होती, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे पण एकाच खोलीत दोन जोडपी, असा प्रकार. राहिलेली तूट जीर्ण आणि कच्च्या घरांची. आणि एकूण तुटीतला ९६ टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा. "आमच्याकडे बेघर नाहीत हो" असं एखादा नगरसेवक छातीठोकपणे सांगतो तेव्हा त्याच्या पुढ्यात हा हिशेब ठेवावा.

आपल्या शहरासाठी दाट, जीर्ण आणि कच्ची घरं मिळून समजा २,२०० निघाली. एकूण गरज १७,५०० झाली. त्यातल्या निम्म्या, धरा ९,०००, कुटुंबांना बाजारातलं घर परवडणार नाही. तीन-चार मजली इमारती, रस्ते, थोडी मोकळी जागा धरून हेक्टरी दीडशे घरं बसवली तरी साठ हेक्टर जमीन लागते. आता आरक्षणांची यादी काढा आणि दुर्बल घटकांच्या घरांसाठी, बेघर-विस्थापितांसाठी, सार्वजनिक गृहनिर्माणासाठी किती हेक्टर आहे ते मिळवा. दोन आकड्यांतली दरी हीच तुमची हरकत. हेक्टरी दीडशेचा आकडा माझा आहे. तुमच्या शहराला जो शोभेल तो घ्या, पण कुठून आणला ते लिहा.

उत्पन्नाची व्याख्या कुठली वापरायची यावर वाद होतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात वार्षिक तीन लाखांपर्यंत दुर्बल घटक, तीन ते सहा लाख अल्प उत्पन्न गट धरतात. तीच घ्यावी, म्हणजे निदान त्यावर भांडण होत नाही.

पिवळा पट्टा म्हणजे घर नव्हे

नकाशावर रहिवास विभाग पिवळा असतो. पिवळं भरपूर दिसलं की लोकांना वाटतं, घरांची सोय झाली. पिवळा रंग एवढंच सांगतो की इथे घर बांधायला परवानगी मिळू शकते. कोण बांधेल, कुणासाठी, कितीला, पाणी कुठून, याबद्दल तो मुका असतो.

पिवळ्या पट्ट्यावर तीन गोष्टी तपासा. तिथवर डीपी रस्ता पोचतो का? पाण्याच्या टाकीची आणि मलनिस्सारणाची सोय त्या बाजूला आहे का? आणि पूररेषा कुठून जाते? जलसंपदा विभागाच्या नकाशावरची निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ ला चिपळुणात काय झालं ते सांगायला नको. नदीकाठचा स्वस्त पिवळा तुकडा गरिबांच्या घरांसाठी राखून ठेवलेला दिसला तर हरकत तिथेच घ्या.

परवडणाऱ्या घराला जागा ठेवली नाही म्हणून माणसं यायची थांबत नाहीत. ती गुंठा-दोन गुंठे घेतात, तेही बहुधा स्टॅम्प पेपरवर. अशा खरेदीला वर्षानुवर्षं तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्यावरची बंदी, आड येत होती. रेखांकन (लेआउट) मंजूर नसतं, रस्ता आठ फुटांचा, गटार नाही. मग सरकारला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आणावा लागला आणि २०२१ च्या दुरुस्तीने मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली. सांगली, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत वस्त्याच्या वस्त्या अशा उभ्या राहिल्यात. माझ्या मते गुंठेवारी हा लोकांनी स्वतः केलेला डीपी आहे. फक्त त्यात शाळेची जागा नाही आणि अग्निशमनाची गाडी वळत नाही.

आहेत ती घरं आधी वाचवा

नव्या घरांच्या नादात एक काम राहून जातं. विद्यमान वापराचा नकाशा आणि प्रस्तावित नकाशा शेजारी ठेवा. आज वस्ती आहे आणि उद्याच्या नकाशावर उद्यान, वाहनतळ किंवा अठरा मीटरचा रस्ता आहे, अशा जागांवर पेन्सिलीने खूण करा. तिथे जाऊन घरं मोजा. ही कुटुंबं कुठे जाणार, याचं उत्तर अहवालात असायला हवं.

विद्यमान वापराच्या नकाशातच चूक असेल तर पुढचं सगळं चुकतं. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या योजनेत हेच झालं. आधीच्या नकाशांत ढीगभर चुका निघाल्या, फेब्रुवारी २०१५ मधल्या प्रारूपावर गदारोळ झाला आणि एप्रिलमध्ये ते प्रारूप बाजूला ठेवून नव्याने काम करायची पाळी आली. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. कोळीवाडे आणि गावठाणांच्या सीमा नीट आखा म्हणून तिथल्या लोकांना सतत मागे लागावं लागलं. तुमच्या गावात वडारवाडी असेल, मातंग वस्ती असेल, बाजारामागची चाळ असेल. नकाशावर ती "मोकळी जागा" दिसत नाही ना, हे बघा. फोटो काढा, वीजबिलांच्या प्रती घ्या.

नियमावलीतली वीस टक्के घरं

डीपी म्हणजे नुसता नकाशा नाही, सोबत नियमावली असते. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडली तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच नियमावली आहे, तिला यूडीसीपीआर म्हणतात. त्यात सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प असेल तर वीस टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांच्या लहान घरांसाठी किंवा भूखंडांसाठी ठेवायचा, आणि तो म्हाडाच्या सोडतीतून द्यायचा. ही तरतूद २०१३ मध्ये आली ती दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी. तुमच्याकडे आज ती लागू आहे का, हे नगररचना विभागाला लेखी विचारा.

लागू असली तरी निर्धास्त होऊ नका. बिल्डर चार हजारांच्या आतले तुकडे पाडून परवानग्या घेतो, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिकमध्ये या कोट्यातली घरं म्हाडाकडे आलीच नाहीत, हा विषय २०२२ मध्ये थेट विधान परिषदेत गाजला. माहिती अधिकारात दोन प्रश्न विचारा: गेल्या पाच वर्षांत चार हजार चौरस मीटरवरचे किती प्रकल्प मंजूर झाले, आणि त्यांतली किती घरं म्हाडाकडे गेली. उत्तरातला दुसरा आकडा हरकतीला जोडा.

आवास योजनेचं नाव सांगून कुणी गप्प बसवायला आलं तर ऐकून घ्या, पण लक्षात ठेवा: स्वतःचं घर स्वतः बांधण्याचं अनुदान ज्याच्या नावावर जागा आहे त्यालाच मिळतं. जागा नसलेल्याला योजना नव्हे, आधी जागा लागते. २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली तुमच्या शहरातली कुठल्या गट नंबरावर उभी राहणार, हे डीपीतच दिसायला हवं.

हरकत लिहायची कशी

"शहरात गरिबांसाठी घरं हवीत" अशी हरकत फाइलला लागते आणि "नोंद घेतली" या शेऱ्यानिशी संपते. समितीला हो किंवा नाही म्हणता येईल अशी मागणी करा. एका अर्जात एकच मुद्दा घ्या. वर नोटिशीचा दिनांक, नकाशाचा भाग क्रमांक, आरक्षण क्रमांक किंवा गट नंबर. मग आज काय प्रस्तावित आहे, त्यात काय चूक आहे, आणि नेमका बदल काय हवा. उदाहरणार्थ: "अहवालानुसार वीस वर्षांत इतकी घरं लागतील. दुर्बल घटकांसाठी आरक्षण फक्त तीन हेक्टर आहे. बसस्थानकाजवळची पालिकेच्या मालकीची अमुक जागा व्यापारी संकुलाऐवजी सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आरक्षित करावी." शासकीय किंवा पालिकेची जागा सुचवली तर संपादनाच्या खर्चाचा आक्षेप उरत नाही, म्हणून आधी तशाच जागा शोधा. त्या गावाबाहेर डोंगराकडेला असतील तर मात्र नको. कामाच्या जागेपासून दहा किलोमीटरवर फुकट मिळालेलं घरही बसभाड्यात महाग पडतं आणि शेवटी कुलूपबंद राहतं.

फक्त मालकी घरांचंच मागू नका. नोकरदार महिलांचं वसतिगृह, कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या, वाहनतळासह रात्र निवारा, यांनाही जागा लागते आणि या गोष्टी मागणारं कुणी नसतं.

छापील नमुन्यात "जमिनीचा तपशील" असा रकाना असतो. तुमची जमीन नसेल तर तिथे सरळ "लागू नाही, शहराचा रहिवासी" लिहा. शेवटी "मला सुनावणीत बाजू मांडायची आहे" हे वाक्य विसरू नका. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. शंभर लोकांच्या सह्यांचं एकच निवेदन देण्यापेक्षा शंभर वेगळे अर्ज बरे, कारण प्रत्येकाची नोंद आणि प्रत्येकाची सुनावणी होते.

सुनावणीची दहा मिनिटं

नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तुमचा नंबर येईपर्यंत ते दिवसभर "माझ्या जमिनीवरचं आरक्षण उठवा" हेच ऐकत असतात. तुम्ही कुणाचं आरक्षण उठवायला नव्हे, ठेवायला सांगताय, याचं त्यांना थोडं नवल वाटतं. त्याचा फायदा घ्या. एका कागदावर तीन आकडे ठेवा: गरज, तरतूद, दरी. आणि एक नकाशा. भाषण नको. ज्या कुटुंबाचं घर रस्त्यात जातंय त्यातली बाई सोबत असली तर तिलाच बोलू द्या.

मंजुरीनंतर फाइल बंद करू नका

शासन मंजुरी देताना मोठे बदल सुचवू शकतं. ते मूलभूत स्वरूपाचे असले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. हा भाग वेगळा काढून नंतर मंजूर होतो, बोलीभाषेत त्याला "ईपी" म्हणतात. घरांची आरक्षणं गायब होण्याची पहिली जागा ही.

दुसरी जागा कलम ३७ ची. किरकोळ फेरबदल असं त्याचं सौम्य नाव आहे. त्यासाठीही नोटीस निघते, पण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी. हे काम करणाऱ्या आमच्या मंडळींत एका निवृत्त शिक्षकांकडे एवढंच काम आहे: रोज सकाळी जाहीर सूचनांचं पान वाचणं.

तिसरी जागा कॅलेंडरची. मंजुरीपासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची खरीखुरी पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. नुसता प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल टाकलं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात स्पष्ट केलं. पैसे नाहीत हे पालिकेचं ठरलेलं उत्तर असतं. त्यावर टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा घेणं, किंवा मालकालाच विकास करू देऊन ठरलेला भाग पालिकेने घेणं, म्हणजे समावेशक आरक्षण, असे मार्ग आहेत. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आधी, जानेवारीतच, अर्ज द्या: घरांच्या आरक्षणांपैकी यंदा कुठलं घेणार आणि किती तरतूद करणार. आरक्षणांची यादी एका वहीत उतरवा, प्रत्येकापुढे मंजुरीची तारीख लिहा आणि नवव्या वर्षावर लाल खूण करा.